‘दुरुस्ती’ फारसी, मग ‘डागडुजी’ कुठली?

प्रश्न : (नेरूळचे एक वाचक) आमच्या सोसायटीबाहेर फलक लागला आहे – ‘पदपथाचे दुरूस्तीकरण व नूतनीकरण करणे’. दोन्ही एकच नव्हे का? शिवाय ‘दुरुस्ती’ हा फारसी शब्द टाकून ‘डागडुजी’ हा अस्सल मराठी शब्द का वापरू नये? आणि ‘पदपथ’ योग्य की ‘फुटपाथ’?

उत्तर : शेवटचं आधी उरकतो. बोलताना फुटपाथ, निविदेत पदपथ. दोन्ही चालतात. ‘पद’ आणि इंग्रजीतला ‘फूट’ हे तसेही दूरचे भाऊच आहेत, तेव्हा भांडण घरातलंच.

‘दुरूस्तीकरण’ मात्र अजिबात चालत नाही. ठाण्यापासून बेलापूरपर्यंत फलकांवर आणि नारळ फोडतानाच्या भाषणांत हा शब्द कानावर आदळतो आणि प्रत्येक वेळी दात शिवशिवतात. दुरुस्त हे विशेषण, दुरुस्ती हे नाम. ‘दुरुस्ती करणे’ म्हटलं की काम संपलं. वर आणखी ‘करण’ लावायचं तर उद्या ‘धुलाईकरण’ आणि ‘रंगरंगोटीकरण’ही येईल. त्यातला ‘रू’ दीर्घ लिहिणं हा वेगळा गुन्हा. मूळ फारसीत दोन्ही उकार ह्रस्व आहेत आणि मराठीतही.

एका व्याकरणप्रेमी गृहस्थांनी यावर मला संस्कृत सुनावलं. म्हणे, ‘नूतन’चं ‘नूतनीकरण’ होतं, ‘काँक्रीट’चं ‘काँक्रीटीकरण’ होतं, मग त्याच च्वि प्रत्ययाने ‘दुरुस्त’चं ‘दुरुस्तीकरण’ का होऊ नये? युक्तिवाद चतुर आहे, पण अर्धाच वाचलेला. च्वि हा मोठा मजेदार प्रत्यय. तो लागतो आणि लागताक्षणी संपूर्ण लोप पावतो; मागे खूण राहते ती शेवटच्या ‘अ’चा ‘ई’ झाल्याची. म्हणूनच ‘सुशोभिकरण’ असं ह्रस्व लिहिणारे त्या प्रत्ययाची उरलीसुरली खूणही पुसून टाकतात. पण पाणिनीच्या परंपरेने त्याला एक अट घातली आहे : अभूततद्भाव. जे आधी तसं नव्हतं, ते तसं होणं. डांबर असलेल्या रस्त्यावर पुन्हा डांबर ओतलं तर ते व्याकरणाने ‘डांबरीकरण’ ठरत नाही, नुसतं डांबर ओतणं ठरतं. बरं, ‘दुरुस्ती’तली ई ही च्विची नाहीच. ती इराणातून आली, ‘दोस्ती’, ‘खुशी’तली. दोन ई सारख्या दिसतात म्हणून एकीचं लग्न दुसरीच्या वराशी लावायचं का?

आता खरी गोष्ट. ‘दुरुस्त’ हा शब्द कुठून आला हे एकदा कळलं की फुटपाथवरच्या पेव्हर ब्लॉककडे, म्हणजे त्या काँक्रीटच्या ठोकळ्यांकडे, तुम्ही पूर्वीच्या नजरेने पाहू शकणार नाही.

आजच्या फारसीतलं ‘दुरुस्त’ हे मधल्या फारसीत ‘द्रुस्त’ होतं. अर्थ धडधाकट, ठीक. आपल्या ‘तंदुरुस्त’मध्ये तो जसाच्या तसा जिवंत आहे : तन दुरुस्त ते तंदुरुस्त. आणखी मागे गेलं की प्राचीन फारसीतलं ‘दुरुव’ भेटतं, म्हणजे पक्कं, सुरक्षित. इ.स.पू. ५२० च्या सुमारास इराणच्या सम्राट दारियसने तिथल्याच बेहिस्तूनच्या कड्यावर तीन भाषांत जो लेख कोरवला, त्यात पुढच्या राजाला उद्देशून एक वाक्य आहे : ‘माझा देश दुरुवा असावा’ असं तुला वाटत असेल, तर खोटं बोलणाऱ्याला कडक शासन कर. हा दुरुव कोण? आपला ध्रुव! इराणी भाषांत मूळचा ‘ध’ ‘द’ होतो आणि ‘भ’ ‘ब’ होतो, म्हणून आपला भ्राता तिकडे ‘बिरादर’. खुद्द दारियसच्या नावात ‘धारय’ आहे. संस्कृतात त्याला ‘धारयद्वसु’ म्हटलं असतं. त्याच नियमाने ध्रुवाचा दुरुव.

तेव्हा दुरुस्ती म्हणजे जागचं न हलणारं करणं. उत्तरेच्या ताऱ्यासारखं.

काही पाश्चात्त्य व्युत्पत्तिकार या कुळाचं नातं संस्कृत ‘दारु’ (लाकूड), ‘द्रुम’ (झाड) आणि इंग्रजीतल्या ‘ट्रू’शी जोडतात : लाकूड टणक, म्हणून टणक ते खरं. ऐकायला गोड. पण मग संस्कृतात ‘ध्रुव’ला ‘ध’ कुठून आला? तर म्हणे ‘धृ’ धातूच्या संगतीने. नियम आडवा आला की संगत काढायची, ही युक्ती कॉलेजातली मुलंही वापरतात. सरळ धारण करणाऱ्या ‘धृ’कडेच ध्रुवाला राहू द्यावं, असं माझं ठाम मत आहे. लाकूड त्यांनी आपल्या खिडक्यांना वापरावं.

या अर्थाने आपल्याकडच्या फुटपाथची दुरुस्ती होते का? पेव्हर ब्लॉक एकटा कधीच ध्रुव नसतो. अशा ठोकळ्यांसाठीचं भारतीय मानक १५६५८ बागेतल्या नुसत्या पायवाटेला ५० मिलिमीटर जाडीचा ठोकळाही पुरे मानतं, कारण भार तो एकटा घेत नाही. खाली ठोकून बसवलेला खडी-मुरमाचा थर, त्यावर दोनेक बोटं वाळू, सांध्यांत बारीक वाळू आणि कडेला पक्का कर्ब (काठाचा दगड), हे सगळं असेल तर एक ठोकळा शेजारच्यांच्या अंगावर रेलून उभा राहतो. मग कुणीतरी केबलसाठी चर खोदतं. ठोकळे बाजूला रचले जातात, माती थराथराने न दाबता एकदम लोटली जाते आणि वर ठोकळे परत मांडले जातात. जूनमध्ये पाऊस लागला की माती बसते, वाळू वाहते, ठोकळ्याखाली पाणी साचतं, आणि तुमच्या चपलेखालून पिचकारी उडते. ठोकळा नवाकोरा, पण दुरुस्त नाही. (पंचांगवाल्यांकडे ‘ध्रुव’ नक्षत्रं आणि ‘चर’ नक्षत्रं असे दोन वर्ग असतात. तो चर वेगळा, हा खणायचा चर वेगळा, हे मला माहीत आहे. पण जोडी जमली आहे खरी.)

आणि आता त्या ‘अस्सल मराठी’ डागडुजीकडे. ‘डाग’ म्हणजे फारसी ‘दाग’. तांबट भांड्याला डाग देतो तो हाच, असं मी मानतो. ‘डुजी’ ही नुसती यमकासाठी आलेली शेपूट आहे असं कुणी म्हणतात, भाजीबिजीतल्या ‘बिजी’सारखी. मला ते पटत नाही. तशी शेपूट सहसा ‘बि’ने येते, ‘डु’ने कशाला येईल? माझ्या मते ही फारसी ‘दोजी’ आहे, म्हणजे शिवणकाम. जर म्हणजे सोनं, सोन्याच्या तारेचं शिवण ती जरदोजी. ‘दाग’चा ‘डाग’ झाला तेव्हा शेजारची ‘दोजी’ही ओघाने ‘डुजी’ झाली. भांड्याला डाग, कापडाला टाका : डागडुजी! भाषाशुद्धीवाल्यांनी एक फारसी शब्द हाकलून त्याच्या जागी दोन फारसी शब्द घरात घेतले, आणि वर त्यांना अस्सल म्हणून ओवाळलं.

पण अर्थाने तिन्ही शब्द वेगळे आहेत, आणि वेगळे ठेवण्यात सोय आहे. फुटलेले चार ठोकळे बदलले, उचकटलेलं चेंबरचं झाकण बसवलं, तर ती डागडुजी. ठोकळे उचलून खालचा थर पुन्हा ठोकून तेच ठोकळे परत बसवले, तर दुरुस्ती. पेव्हर ब्लॉकचा सगळा फायदाच हा आहे की ते परत बसवता येतात. तरी डंबेल आकाराचे काढून झिगझॅग आणायची आपल्याकडे घाई असते. जुनं सगळं काढून नवं घातलं तर नूतनीकरण. ठोकळ्यांच्या जागी स्टॅम्प काँक्रीट (ओलं असतानाच नक्षीचा ठसा उमटवलेलं) ओतलं तर ते खुशाल काँक्रीटीकरण म्हणावं. पहिल्या खेपेला पाणिनीची हरकत नसावी. त्याच काँक्रीटखालून पुढच्या वर्षी वाहिनी न्यायची ठरली आणि ब्रेकर लागला, तर त्या कामाला फोडणे म्हणतात. त्यासाठी ‘-ईकरण’वाला शब्द माझ्या पाहण्यात तरी अजून कुठल्या फलकावर आलेला नाही.