व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना शाश्वतता आणि कमी उत्पन्नाच्या बाजारपेठा कशा शिकवाव्यात?

तुम्ही लिहिलंय की हा विषय पहिल्यांदाच शिकवायला घेताय, व्याख्या आणि केस स्टडी ढीगभर आहेत, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. मी हा विषय काही वर्षं शिकवतोय. माझं उत्तर: एका घराच्या हिशेबापासून. व्याख्या चौथ्या-पाचव्या तासाला आल्या तरी काही बिघडत नाही.

पहिल्या तासाला मी एक तक्ता वाटतो. एका काल्पनिक कुटुंबाचा वर्षभराचा जमाखर्च, दर पंधरवड्याचा वेगळा. मुलं लगेच सरासरी मासिक उत्पन्न काढतात, त्यात ती तरबेज असतात. मग मी विचारतो, चौथ्या पंधरवड्यात जमा शून्य आहे, तेव्हा हे घर काय करतं? सरासरीत त्याचं उत्तर सापडत नाही. गरिबी म्हणजे फक्त पैसा कमी असणं नाही, तो कधी येईल याचा भरवसा नसणंही आहे, हे तिथे उमगायला लागतं. या तक्त्याला आधार आहे. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेहून जास्त कुटुंबांच्या अशा 'आर्थिक डायऱ्या' अभ्यासकांनी वर्षभर ठेवल्या आणि 2009 मध्ये निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. एकाही घराचं चारपेक्षा कमी प्रकारच्या आर्थिक साधनांवर भागत नव्हतं. उसनवारी, उधारी, भिशी, कुणाकडे तरी ठेवायला दिलेले पैसे, असं बरंच काही. 'गरिबांना पैशाचं नियोजन जमत नाही' म्हणणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. त्याला हे वाचायला द्या.

त्यानंतर वाद. व्यवस्थापनाचे अभ्यासक सी. के. प्रल्हाद आणि स्टुअर्ट हार्ट यांनी 2002 मध्ये मांडलं की उत्पन्नाच्या पिरॅमिडच्या तळाशी मोठी बाजारपेठ आहे आणि कंपन्या तिथे नफा कमावता कमावता गरिबीही कमी करू शकतात. 2007 मध्ये याच क्षेत्रातले प्राध्यापक अनिल कर्णानी यांनी ते खोडून काढलं: ही बाजारपेठ सांगितली जाते तेवढी मोठी नाही, आणि गरिबांना ग्राहक नव्हे, उत्पादक म्हणून पाहा, त्यांच्या हाताला काम द्या. मी कर्णानींकडे झुकतो, पण हे वर्गात शेवटपर्यंत बोलत नाही. आधी मुलांना आकडेमोड करू द्यावी. प्रॉक्टर अँड गॅम्बलची पाणी शुद्ध करणारी पुडी घ्या: 4 ग्रॅमची, 10 लिटर पाण्यासाठी. वस्तू उत्तम, गरज खरी. तरी धंदा म्हणून ती चालली नाही आणि कंपनीने ती ना-नफा तत्त्वावर द्यायला सुरुवात केली. का? एका पुडीवरचा नफा, घरागणिक खप, पोचवण्याचा खर्च, आणि रोज पाणी ढवळून गाळत बसायची सवय, हे सगळं मुलांनी स्वतः मांडलं की उत्तर आपोआप येतं.

शाश्वतता, म्हणजे आजच्या धंद्याचा भार उद्यावर आणि पर्यावरणावर न टाकणं, शेवटच्या दोन तासांसाठी राखून ठेवू नका, ही माझी सगळ्यात कळकळीची सूचना. ती ह्याच हिशेबात आणा. शॅम्पूची रिकामी पुडी टेबलावर ठेवा. तिच्यात प्लास्टिकचे, कधी ॲल्युमिनियमचेही थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणं परवडत नाही, आणि ती इतकी हलकी की कचरावेचकाला गोळा करून काही सुटत नाही. मग ती उचलण्याचा खर्च कोणाच्या खात्यात? मुलं तडक म्हणतात, बंदी घाला. तेव्हा पुन्हा पहिला तक्ता काढायचा. चौथ्या पंधरवड्यात हे घर मोठी बाटली घेईल कशी? इथे वर्ग गप्प होतो. त्या शांततेत घाईने बोलू नका. थोड्या वेळाने कुणीतरी सुटं विकण्याचं, घरची बाटली भरून देण्याचं काढतं, आणि चर्चा खऱ्या अर्थाने सुरू होते.

फसलेली उदाहरणं जरूर ठेवा. आफ्रिकेतल्या गावांत बसवलेला 'प्लेपंप' घ्या: मुलं खेळात चक्र फिरवतील आणि पाणी वर चढेल, अशी कल्पना. 2006 मध्ये त्यासाठी अमेरिकेत 1 कोटी 64 लाख डॉलरची घोषणा झाली. पुढे एका वृत्तपत्राने हिशेब मांडला की ठरलेलं उद्दिष्ट गाठायला मुलांना दिवसाला 27 तास खेळावं लागेल! प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी बायकाच ते चक्र हाताने फिरवत होत्या. साधा हातपंप त्यांना बरा वाटला असता का, हे आधी विचारायला हवं होतं.

क्षेत्रभेटींबद्दल थोडं सावध राहा. एका दिवसाची भेट म्हणजे बहुतेकदा सहल. न्यायचंच असेल तर एकाच ठिकाणी तीन-चारदा न्या आणि मुलाखत देणाऱ्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. तासभर बोलायला बसवलं की तेवढी मजुरी बुडते.

मूल्यमापनासाठी मी गटांना एक व्यवसाय प्रस्ताव लिहायला लावतो. त्यात दोन परिच्छेद सक्तीचे: ग्राहकाचा हप्ता चुकला तर त्याच्या घरात काय होईल, आणि वस्तू मोडल्यावर ती कुठे जाईल. 'हे उत्पादन विकू नये' असा निष्कर्ष हिशेबासकट आला तर पूर्ण गुण. हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, नाहीतर कुणाची हिंमत होत नाही.