गायब झालेल्या तीन इनिंग

तुमची तक्रार वाचताना माझीच जुनी एक्सेल शीट डोळ्यांसमोर आली. बेसबॉलमधल्या सँडी कोफॅक्स या पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) बारा हंगामांचे ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेले अर्न्ड रन (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे न झालेल्या धावा), एका रकान्यात, तो ज्यात खेळला त्या नॅशनल लीगचे त्या त्या वर्षीचे ईआरए शेजारच्या रकान्यात, तळाशी दोन्हींची सरासरी, आणि तरीही कारकिर्दीचा आकडा छापील आकड्याशी जुळत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. तुमच्या सूत्रात टंकलेखनाची चूक नाही. सरासरी काढण्याचा विचारच मुळात फसवा आहे. 1955 ते 1966 या हंगामांच्या ईआरएची साधी सरासरी 3.14 येते आणि खरा आकडा 2.76 आहे, कारण 1956 साली त्याने जेमतेम 58⅔ इनिंग टाकून 4.91 चा ईआरए नोंदवला, तर 1965 साली 335⅔ इनिंग टाकून 2.04 चा, आणि साध्या सरासरीत या दोन्ही वर्षांना सारखाच मान मिळतो.

हाच न्याय लीगच्या रकान्यालाही लावावा लागतो, आणि तिथेच बहुतेक जण विसरतात. प्रत्येक वर्षी लीगच्या ईआरएला त्या पिचरच्या इनिंगने गुणून नऊने भागावे, म्हणजे तेवढ्याच इनिंगमध्ये सरासरी पिचरने किती अर्न्ड रन दिले असते ते कळते. बारा वर्षांची ही बेरीज करून तिला कोफॅक्सच्या प्रत्यक्ष 713 अर्न्ड रननी भागावे. दरवर्षीचे गुणोत्तर काढून त्या गुणोत्तरांची सरासरी घेण्याचा मोह मात्र टाळावा.

आता मला सर्वांत महागात पडलेली चूक सांगतो. इनिंगच्या रकान्यात 335.2 असे लिहिलेले असते, ते दशांश नव्हे. क्रिकेटमध्ये 9.4 षटके म्हणजे नऊ षटके आणि चार चेंडू, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, तसेच इथे .2 म्हणजे दोन तृतीयांश, कारण एका इनिंगमध्ये तीन बाद असतात. एवढे क्रिकेट पाहूनही मी तो रकाना सरळ बेरजेत टाकला, उत्तर 2321.3 आले, आणि छापील 2324⅓ पुढे तीन इनिंग कमी पडल्या. त्या तीन इनिंग शोधण्यासाठी मी जवळजवळ महिनाभर जुन्या सामन्यांचे धावफलक चाळत बसलो. ज्यांच्याकडून पैसे मोजून ती फाइल घेतली होती त्यांना तीनदा लिहिले, तर दर वेळी तेच दोन ओळींचे उत्तर आले की आमची माहिती अधिकृत असून तपासणी आपल्या बाजूने करावी. रकान्याच्या माथ्यावर एक टीप द्यायला त्यांचे काय जात होते, हे मला आजही कळलेले नाही.

मी संख्याशास्त्रज्ञ नाही, त्यामुळे पुढचे माझे वैयक्तिक मत समजावे. लीगशी तुलना केल्याशिवाय नुसता ईआरए सांगण्यात अर्थ नाही. बॉब गिब्सन या पिचरचा 1968 चा 1.12 कितीही दिपवणारा असला तरी त्या वर्षी नॅशनल लीगचाच ईआरए 2.99 होता, आणि पिचरांचा हा वरचष्मा मोडण्यासाठी पुढच्याच हंगामात माउंडची (पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्याची) उंची 15 इंचांवरून 10 इंचांवर आणावी लागली. पेड्रो मार्टिनेझने 2000 साली 1.74 नोंदवला तेव्हा तो ज्यात खेळत होता त्या अमेरिकन लीगचा ईआरए 4.9 च्या आसपास होता. गुणोत्तर काढले तर गिब्सन पावणेतीन पटीच्या किंचित अलीकडे आणि पेड्रो किंचित पलीकडे पडतो.

सगळे दुरुस्त केल्यावरही तुमचे उत्तर कोफॅक्सच्या छापील 131 (ईआरए+, म्हणजे लीगची सरासरी 100 धरून काढलेले हेच गुणोत्तर) पेक्षा थोडे वेगळे येईल, कारण त्या आकड्यात मैदानाचा हिशेब धरलेला असतो आणि 1962 पासून त्याचे घरचे मैदान असलेले डॉजर स्टेडियम पिचरांना धार्जिणे होते. तो फरक पाहून पुन्हा शीट उसवू नका. आधी इनिंगच्या रकान्याची बेरीज पाहा, ती 2321.3 दिसत असेल, तर पूर्णांक वेगळा करा, उरलेल्या .1 आणि .2 ला दहाने गुणून तीनने भागा, आणि ते परत मिळवा.