वाचकांचे प्रश्न : एका वाटीला पाऊण तास

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे अनाथ आणि दिव्यांग मुलांमध्ये चालणाऱ्या मिशनच्या सेवेविषयी आहेत. या कामात माझी एकतीस वर्षे गेली असल्यामुळे संपादकांनी ती तिन्ही माझ्याकडे सोपवली. पहिल्या पत्राला मी अधिक जागा दिली आहे, कारण त्याच्या उत्तरावर एका मुलीचे पुढचे आयुष्य अवलंबून आहे, आणि तिच्याबरोबर कदाचित आणखी काही मुलांचेही.

प्रश्न : आदरणीय ताई, सलाम. मी श्रीरामपूर तालुक्यातील असून माझे वय 24 वर्षे आहे. समाजकार्याची पदवी घेतली आहे आणि आमच्या मंडळीत रविवारच्या शाळेत शिकवते. गेल्या नाताळात आमच्या तरुण संघाबरोबर एका मिशनच्या बालगृहात गेले होते. तेथील अनाथ आणि दिव्यांग मुले पाहिल्यापासून हेच माझे पाचारण आहे असे मला वाटू लागले आहे. आईबाबा म्हणतात, आधी नोकरी आणि लग्न, मग सेवा. पाळकसाहेब म्हणतात, प्रार्थना कर, मार्ग दिसेल. मी जावे का? जायचे असेल तर तयारी कोणती करावी?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि त्यातील कळकळ मला मनापासून भावली. पाचारण खरे की नाही हे सांगणारी मी कोण? मात्र तुम्ही पाहिलेले बालगृह हे नाताळातले बालगृह होते, नवे कपडे घातलेले, केक खाल्लेले आणि गाणी म्हणणारे. तेच बालगृह आषाढातल्या एखाद्या रात्री दोन वाजता पाहावे लागते. आठ दिवस ऊन नसल्यामुळे लंगोट वाळलेले नसतात, एका मुलाला फणफणून ताप आलेला असतो, दुसऱ्याला फिट येते आणि रात्रपाळीची मावशी गावाकडे अडकलेली असते. त्या रात्रीनंतर सकाळी सहाला पुन्हा उठून मुलांची तोंडे धुवावीशी वाटली, तर पाचारणाविषयी पुढे बोलता येईल.

आमच्याकडे सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा राहत नाही अशी अवस्था असलेली एक मुलगी होती. ती आली तेव्हा चार वर्षांची होती, आणि मान धरता येत नसल्यामुळे तिला आडवी ठेवूनच भरवण्याची सवय लागलेली होती. मीही नवी होते. माया भरपूर होती, पण ज्ञान नव्हते. मी तिला मांडीवर निजवून भराभर वरणभात भरवत असे आणि वाटी संपली की समाधान मानत असे. त्या वर्षी तिला दोनदा न्यूमोनिया झाला. दुसऱ्या वेळी एका फिजिओथेरपिस्टबाईंनी मला समोर बसवून भरवून दाखवायला सांगितले. मी भरवत असताना त्या काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी मुलीला खुर्चीत नीट टेकवून सरळ बसवले, तिची हनुवटी किंचित खाली आणली, लहान चमच्यात मऊ भाताचा अर्धाच घास घेतला, तो खालच्या ओठाला टेकवला आणि त्या थांबल्या. मुलीने आपणहून ओठ पुढे केले. घास गिळला गेल्याचे तिच्या गळ्याकडे पाहून कळेपर्यंत दुसरा चमचा उचलायचा नाही, असे त्यांनी सांगितले. डोके मागे कलले असताना भरवलेले अन्न श्वासनलिकेत उतरते आणि तेथून फुप्फुसात जाते, हे मला त्या दिवशी समजले. एका वाटीला पाऊण तास लागला. पुढची अकरा वर्षे मी तिला दोन्ही वेळा याच पद्धतीने भरवले. त्या पाऊण तासांमध्येच मला कळले की, तिला हवे असेल तेव्हा ती डोळे वर करते आणि नको असेल तेव्हा डावीकडे पाहते. म्हणजे ती चार वर्षे बोलत होती आणि आम्हा मोठ्यांनाच ते ऐकू येत नव्हते.

म्हणून आधी शिका, हे माझे पहिले सांगणे आहे. समाजकार्याची पदवी उपयोगी आहेच, परंतु या मुलांसाठी ती पुरेशी नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला विशेष शिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम करा आणि त्या परिषदेकडे आपली नोंदणी करून घ्या. अंथरुणाला खिळलेल्या मुलाची कूस दर दोन तासांनी का आणि कशी बदलायची, फिट आल्यावर काय करायचे आणि काय टाळायचे, हे एखाद्या चांगल्या केंद्रात प्रत्यक्ष उभे राहून शिका. फिट आली की चप्पल किंवा कांदा हुंगवायला आपल्याकडे आजही लोक धावतात आणि दातांमध्ये चमचा घालतात. यातले काहीच करायचे नसते. मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या कठीण वस्तू दूर कराव्यात, घड्याळाकडे पाहावे आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर तडक दवाखाना गाठावा.

शिकण्यामुळे श्रद्धा कमी पडते असे समजणारे काही भाविक लोक मला भेटले आहेत. त्यांच्यासमोर मी पंडिता रमाबाईंचे उदाहरण ठेवते. स्वतःच्या आईवडिलांना दुष्काळात गमावलेल्या रमाबाई 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना आणि विधवांना घेऊन आल्या. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे त्यातून मुक्ती मिशन उभे राहिले, आणि 1900च्या सुमारास तेथे 1500 जणींचे पोट भरत होते. पण रमाबाई नुसत्या अन्नछत्रावर थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, छपाई अशी कामे तेथे शिकवली जात. त्यांच्या कन्या मनोरमाबाई यांनी अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून घेतली आणि परत आल्यावर मुक्तीतल्या अंध मुलींना शिकवायला सुरुवात केली. आंधळ्यांच्या त्या विभागाला बार्तीमयाचे नाव दिलेले होते. मार्काच्या शुभवर्तमानातील तो आंधळा भिकारी तुम्हाला ठाऊक आहेच. तो आंधळा आहे हे समोर दिसत असतानाही प्रभूने त्याला आधी विचारले की, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? हा प्रश्न मुलाला विचारण्याइतका वेळ आणि त्याचे उत्तर वाचण्याइतके कौशल्य आपल्याकडे हवे.

दुसरी गोष्ट राहण्याविषयीची आहे. बालगृहात येणारे मूल एकदा तरी कोणाकडून तरी सुटलेले असते. त्यातल्या अनेकांचे आई किंवा वडील हयात असतात, हेही लक्षात असू द्या. गरिबी, आजारपण किंवा मुलाचे अपंगत्व यांमुळे त्यांनी त्याला सोडलेले असते. अशा मुलाला तुमचा आवाज आणि हात ओळखायला सहा महिने लागतात, आणि तुम्ही आठव्या महिन्यात निघून गेलात तर त्याला तोच अनुभव पुन्हा येतो. मोठ्या उमाळ्याने आलेले आणि दीड महिन्यात परत गेलेले तरुण मी अनेक पाहिले. त्यांच्या डोळ्यांतील पाणी खरे होते. परंतु त्यानंतर चार दिवस जेवणाला तोंड न लावणारी मुले आम्हाला सांभाळावी लागत. निदान तीन वर्षे राहता येणार नसेल, तर मुलांच्या अंगाखांद्याचे काम अंगावर घेऊ नका. भांडारघर, हिशेब, पत्रव्यवहार, औषधांची नोंद ही कामेही सेवाच आहेत, आणि ती करणारा माणूस बदलला तरी मुलाचे काळीज तुटत नाही.

संस्था निवडताना भिडेखातर गप्प राहू नका. 2015च्या बाल न्याय कायद्यानुसार नोंदणी नसलेले बालगृह चालवणे हा गुन्हा आहे. मग ते कितीही प्रार्थनाशील माणसाचे असो. प्रत्येक मूल बाल कल्याण समितीच्या, म्हणजे निराधार मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील शासकीय समितीच्या, आदेशाने दाखल झाले आहे का, हे विचारा. दारात कोणी मूल आणून दिले तरी 24 तासांच्या आत ते समितीला कळवावे लागते. कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी होते का आणि बंद दाराआड एकटा मोठा माणूस मुलाबरोबर राहणार नाही असा नियम पाळला जातो का, हेही पाहा. या प्रश्नांचा राग येणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. आणखी एक प्रश्न विचाराच, कारण तो फारसा कोणी विचारत नाही : अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मतिमंद मुलीचे पुढे काय होते? तिच्यासाठी 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमून घेतला जातो की नाही, तिला राहायला जागा आहे की नाही, यावरून संस्थेची माया कुठपर्यंत पोहोचते ते समजते.

आता आईबाबांविषयी. त्यांचे म्हणणे तुम्हाला आड येणारे वाटत असेल, पण मला ते रास्त वाटते. सेवेच्या नावाखाली बिनपगारी राबवून घेतलेल्या आणि साठीला पोहोचल्यावर ना घर ना औषधपाणी अशा अवस्थेत राहिलेल्या भगिनी मी पाहिल्या आहेत. नेमणुकीचे पत्र, ठरलेले मानधन, भविष्य निर्वाह निधी, आरोग्य विमा आणि आठवड्याची एक सुट्टी या गोष्टी मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. त्या लेखी मिळाल्या की ते पत्र बाबांच्या हातात द्या. निम्मा विरोध तेथेच मावळेल. लग्नाविषयी म्हणाल, तर या कामात संसार करणारेही आहेत आणि अविवाहित राहिलेलेही आहेत. एवढेच करा की, जो कोणी पाहायला येईल त्याला हे पत्र आणि ती मुले, दोन्ही आधी दाखवा.

प्रश्न : मी सोलापूरचा निवृत्त शिक्षक असून हिंदू आहे. मिशनऱ्यांनी अनाथ, कुष्ठरोगी, अंध-अपंग यांच्यासाठी केलेल्या कामाविषयी मला आदर आहे. तरीही मनातली शंका विचारतो. या सेवेचा अंतिम हेतू धर्मांतरच असतो ना? राग मानू नये.

उत्तर : राग मुळीच नाही, गुरुजी. शंका जुनी आहे आणि तिला इतिहास आहे. रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन ही निवासी शाळा सुरू केली. पुढे हे सदन पुण्यात आल्यावर तेथील काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळत आहेत असा गवगवा झाला आणि 1893मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. रमाबाईंची भूमिका अशी होती की, मी कोणावर सक्ती करत नाही, पण माझ्या प्रार्थनेला स्वतःहून येणाऱ्या मुलीला दारही बंद करणार नाही. मी त्यांच्याच परंपरेत वाढले आहे. तरीही आज एवढ्यावर माझे समाधान होत नाही. ज्या लेकराची भाकरी, अंथरूण आणि औषध माझ्या हातात आहे, त्याच्या ‘स्वतःहून’ या शब्दाला फारसे वजन उरत नाही, आणि ज्याला ‘नको’ म्हणताच येत नाही अशा मुलाच्या बाबतीत तर अजिबात उरत नाही.

माझा हेतू मी लपवणार नाही. मी ख्रिस्तावरील विश्वासामुळे या कामात आले. जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? तेव्हा प्रभूने सांगितले की, याचेही नाही आणि यांचेही नाही. अपंगत्व म्हणजे कोणाच्या तरी कर्माची फळे, असे ऐकून खचलेल्या कितीतरी आयांना मी हे वचन सांगितले आहे, आणि ते सांगताना मला कधी संकोच वाटला नाही. परंतु आई मोठी असते. तिला पटले नाही तर ती उठून घरी जाऊ शकते. मूल उठून जाऊ शकत नाही. संविधानाच्या अनुच्छेद 25ने धर्माचा प्रसार करण्याचा अधिकार दिला आहे, आणि त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977मध्ये स्पष्ट केले आहे. अनुच्छेद 28 नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही. कायदा नसता तरी मी हेच म्हटले असते. समितीच्या आदेशात मुलाचा जो धर्म आणि जे नाव असेल तेच कागदावर राहिले पाहिजे, जेवणाआधी मी डोळे मिटावेत पण त्याचा घास माझ्या ‘आमेन’साठी अडू नये, आणि त्याच्या घरी गणपती बसत असतील तर चतुर्थीला त्याला मोदक मिळावा. माझ्या काही सहकाऱ्यांना हे पटत नसे. आमचे त्यावर वादही झाले आणि ते वाद मी अजूनही घालीन.

प्रश्न : आमच्या मुलाचा पाचवा वाढदिवस दिव्यांग मुलांच्या बालगृहात साजरा करावा असा विचार आहे. काय न्यावे आणि कसे वागावे? (एक दांपत्य, नाशिक)

उत्तर : आधी फोन करून मुलांच्या जेवणाची आणि विश्रांतीची वेळ विचारा आणि ती सोडून जा. केक नेणार असाल तर घास नीट गिळता न येणाऱ्या मुलांना तो चालेल का, हे तेथील ताईंना विचारल्याशिवाय कोणाच्याही तोंडात घालू नका. मुलांचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू नका. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार बंदी आहे, आणि शिवाय तुमच्या मुलाच्या वाढदिवसाचा फोटो तुम्ही त्याच्या वतीने ठरवता, त्या मुलांच्या वतीने ठरवणारे तेथे कोणी नसते. जुने कपडे आणि बिस्किटांचे पुडे बहुतेक ठिकाणी भरपूर साठलेले असतात. कमी पडतात ते मोठ्या मापाचे डायपर, फिटच्या औषधांचे पैसे आणि फिजिओथेरपिस्टचे मासिक शुल्क. यांतील एखादी गोष्ट वर्षभरासाठी उचलता आली तर उत्तम. तुमच्या मुलाने तेथे जाऊन ‘हा असा का?’ असे मोठ्याने विचारले तर त्याला दटावू नका. ताईंना उत्तर देऊ द्या. त्यांना त्या प्रश्नाची सवय असते आणि अनेकदा ज्याच्याविषयी विचारले आहे, ते मूलच खुणेने उत्तर देते.