थारच्या वाळूत पहिल्यांदा जाताना

बाइक घेऊन जैसलमेरला येतोयस ना, मग आधी टायरची हवा कमी करायला शीक. डांबरावरची तीसेक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वाळूत चालत नाही. १५ ते १८ वर आण. ट्यूबचं टायर असेल तर त्याहून खाली नको, रिमवर टायर सरकून व्हॉल्व्ह तुटतो. परत भरायला छोटा पंप हवाच.

वाळूत हँडल हलणारच. घट्ट आवळून धरलंस की पडलास. फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभा राहा, वजन जरा मागे, नजर लांब, थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) चालू. घाबरून पुढचा ब्रेक दाबलास की चाक रुतलंच. (मी पहिल्या दिवशी सात वेळा पडलो. वाळू मऊ असते, सायलेन्सर नाही!)

टेकाडाच्या माथ्यावरून आंधळेपणाने उडी मारू नकोस. वाऱ्याच्या आडची बाजू ३०-३४ अंशांनी सरळ खाली उतरते आणि तिथे पुढचा गडी पडलेला असू शकतो. तो वर येऊन हात दाखवेपर्यंत थांब. पुढच्याच्या धुळीत घुसू नकोस, पण मागचा आरशात दिसेनासा झाला तर मात्र थांबायचंच. पाणी पाठीवर, किमान ३ लिटर. आणि सीमेकडच्या भागात परवानगीशिवाय वाट वाकडी करू नकोस.