एका प्रकाशकणाचे दोन वाटेकरी

मागच्या वेळी 'सिंगलेट फिशन' या शब्दाचा ओझरता उल्लेख केला होता: एका प्रकाशकणाच्या ऊर्जेतून रेणूंमध्ये एकाऐवजी दोन उत्तेजित अवस्था मिळण्याची ही क्रिया. त्यावर मराठवाड्यातून आलेले काही प्रश्न.

एकाचे दोन होतात, तर जादाची ऊर्जा येते कुठून? (लातूर)

कुठूनच नाही. मोंढ्यात पाचशेची नोट मोडली म्हणून कुणी श्रीमंत होत नाही. पेंटासीन या कार्बनी पदार्थाच्या रेणूने प्रकाशकण गिळला की सुमारे १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा (हे ऊर्जेचं छोटं एकक) सिंगलेट एक्सायटॉन तयार होतो, म्हणजे एकूण स्पिन (इलेक्ट्रॉनचा अंगभूत, फिरकीसारखा गुण) शून्य असलेली उत्तेजित अवस्था. ही ऊर्जा तो शेजारच्या शांत रेणूसोबत वाटून घेतो. प्रत्येकाच्या वाट्याला ०.८६ चा ट्रिप्लेट (एकूण स्पिन एक असलेली अवस्था) येतो, उरलेली चिल्लर उष्णता होऊन जाते. शेजारी नसेल तर वाटणीही नाही.

ट्रिप्लेट होण्यासाठी स्पिन उलटावा लागतो आणि ते काम संथ असतं, असं शिकलो. मग हे इतक्या झटपट कसं? (एमएस्सीची विद्यार्थिनी, परभणी)

नेमकं बोट ठेवलंस. एकाच रेणूत सिंगलेटचा ट्रिप्लेट करायचा तर एकूण स्पिन शून्यावरून एकवर न्यावा लागतो, तिथे वेळ जातो. इथे मात्र दोन ट्रिप्लेट जोडीनेच जन्मतात, आणि जोडीचा एकूण स्पिन शून्यच राहतो. कुणाला उलटावं लागत नाही. म्हणून पेंटासीनमध्ये हे सुमारे १०० फेमटोसेकंदांत (सेकंदाच्या दहा हजार अब्जाव्या भागात) उरकतं. जोडी सुटी होते ती नंतर. त्याच्याच जातीच्या टेट्रासीनमध्ये दोन ट्रिप्लेटांची बेरीज (१.२५ अधिक १.२५) सिंगलेटपेक्षा किंचित जास्त भरते, ती तूट आसपासच्या उष्णतेतून भरून काढावी लागते, म्हणून तिथे काम कित्येक पट हळू चालतं. गंमत म्हणजे जवळ चुंबक आणला की ट्रिप्लेट-जोडीच्या स्पिनवर परिणाम होतो आणि टेट्रासीनच्या स्फटिकाची चमक बदलते. जोडी खरंच तयार होते याचा हा पुरावा १९६० च्या दशकातला, लेझरच्या झटपट मोजणीआधीचा!

माझ्या शेतात सौरपंप आहे. मला याचा काय उपयोग? (अंबाजोगाई)

दादा, आज काहीच नाही. पॅनेलमधल्या सिलिकॉनला १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतं, हिरवा-निळा प्रकाशकण २.४ घेऊन येतो. वरचं सगळं पॅनेल तापवण्यात जातं. उन्हातली किती ऊर्जा विजेत बदलता येते याची शॉकली आणि क्वाइसर या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये मांडलेली मर्यादा (आजच्या हिशेबाने सुमारे ३३ टक्के) बरीचशी यातूनच येते. वर टेट्रासीनचा थर दिला तर एका कणामागे सिलिकॉनला १.२५ चे दोन हप्ते मिळू शकतात. अडचण अशी, की ट्रिप्लेट जवळजवळ चमकतच नाही, त्याला अगदी खेटून सिलिकॉनमध्ये उतरवावं लागतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या गटाने टेट्रासीन आणि सिलिकॉनच्या मध्ये हाफ्नियम ऑक्सिनायट्राइड या संयुगाचा एक नॅनोमीटरहून पातळ थर घालून ते साधलं.

मग बाजारात का नाही? (तेच वाचक)

उन्हात आणि हवेत हे रेणू खराब होतात. पॅनेलला तर पंचवीस वर्षं उन्हातच उभं राहायचं असतं.