इंजिनिअरिंग सोडून संगीतकार झालेल्या चिनी-अमेरिकन चौ वन-चुंग यांची कारकीर्द कशी घडली? माझ्यासारख्या सिव्हिलच्या मुलाने त्यांच्याकडून काय घ्यावं?

प्रश्नात 'सिव्हिल' दिसलं म्हणून लिहायला बसलो. मीही सिव्हिलच. फरक एवढाच की त्यांनी सोडलं आणि मी अजून साइटवर काँक्रीटचे क्यूब मोजतोय.

नोकरी सोडून संगीताकडे गेलेल्या माणसाच्या गोष्टीत सगळे 'सोडलं' या शब्दावर टाळ्या वाजवतात. सोडणं सोपं असतं हो. चौ यांनीही पटकन सोडलं. 1923 साली चीनमधल्या यांताईत जन्म, युद्धाच्या धामधुमीत सिव्हिल इंजिनिअरिंग पूर्ण, 1946 मध्ये येलची आर्किटेक्चरची स्कॉलरशिप. तिथे जेमतेम काही दिवस काढले आणि बोस्टनला संगीत शिकायला गेले. (थोरला भाऊ वन-चिंग चौ मात्र क्षेपणास्त्रांच्या संगणकांत रमला, तेव्हा घरचा इंजिनिअरिंगचा कोटा भरलेलाच होता.) खरी गोष्ट त्यानंतरची आहे, आणि ती वाचली तेव्हा मला आमचे गुरुजी आठवले.

आधी माझं सांगतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी आणि माझा एक मित्र पाश्चात्त्य संगीताच्या मागे लागलो होतो. मित्राकडे कीबोर्ड होता आणि माझ्याकडे काउंटरपॉइंटचं, म्हणजे एका वेळी अनेक सुरावटी गुंफायच्या तंत्राचं, जुनं पुस्तक. आम्ही भूप रागातल्या एका बंदिशीच्या मुखड्यावर चार आवाजांचा फ्यूग लिहिला. (फ्यूग म्हणजे एकच सुरावट एकामागून एक आवाज उचलतात, दुसरा आवाज ती पंचमावरून म्हणतो, त्याला 'उत्तर' म्हणतात.) दोन महिने लागले. मग तो मोठ्या अभिमानाने गुरुजींना ऐकवला. मी लहानपणापासून त्यांच्याकडे हार्मोनियम शिकायचो. पहिला आवाज आला, गुरुजी मान डोलावत होते. दुसरा आवाज पंचमावरून सुरू झाला आणि मान थांबली.

"अरे, हा निषाद कोणी आणला?"

ज्याने फ्यूग लिहिलाय त्याला कळलंच असेल. सा रे ग प ध पंचमावरून म्हटलं की प ध नि रे ग होतं. फ्यूगच्या नियमाप्रमाणे उत्तर अगदी बरोबर होतं, पण भूपात निषाद नसतोच, तो आला आणि भूप गेला. मी म्हणालो, "गुरुजी, तो नियमच आहे." ते काही बोलले नाहीत. चहा पिऊन उठले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, "जुन्या लोकांना नवीन काही चालतच नाही." मला त्या दिवशी ते पटलं. पुढे पटेनासं झालं. यावर आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. तो आता लग्नसमारंभांत फ्यूजन वाजवतो. यमनाखाली चार कॉर्ड (एकदम वाजवलेले स्वरांचे गट) टाकतो आणि त्याला 'पूर्व-पश्चिम संगम' म्हणतो.

आता चौ. तेही सुरुवातीला चिनी सुरावटींवर फ्यूग लिहायचे. त्यातला एक त्यांनी चेक संगीतकार मार्टिनू यांना दाखवला. मार्टिनूंनी पियानोवर थोडा वाजवला, मध्येच थांबले आणि विचारलं, "का?" एवढंच. चौंकडे उत्तर नव्हतं. त्यांची पुढची सगळी कारकीर्द हे त्या 'का'चं उत्तर आहे, असं माझं ठाम मत.

ते उत्तर त्यांनी चिनी गुछिन वाद्यात शोधलं. सात तारा, पडदे नाहीत, पण कुठल्या बोटाने तार कशी छेडायची, स्वर कसा हलवायचा, कसा घसरवायचा, यासाठी शंभरावर चिन्हं. म्हणजे एकच स्वर, पण त्याच्या पोटात सगळं. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही, दरबारी रागातला डोलणारा गंधार ऐकलेल्या माणसाला ते माहीतच आहे. 1965 च्या 'यू को'मध्ये त्यांनी गुछिनवरचं कोळ्याचं गाणं नऊ वाद्यांत मांडलं. सुरावटीखाली कॉर्ड ठेवले नाहीत, एकेका स्वराचा रंग वाद्यावाद्यांत वाटून दिला. सिद्धांतकार म्हणून तर पुढे जाऊन आय चिंग या प्राचीन चिनी ग्रंथातल्या तीन रेघांच्या आठ आकृत्यांवरून स्वरांची स्वतःची व्यवस्थाच बांधली. ते मला अर्धंच कळतं.

बाकीची कारकीर्द थोडक्यात. 1949 पासून संगीतकार एडगार व्हारेझ यांचे शिष्य. गुरू गेल्यावर त्यांची अपुरी 'नॉक्टर्नल' यांनी पूर्ण केली आणि पुढे न्यूयॉर्कच्या सलिव्हन स्ट्रीटवरच्या त्यांच्याच घरात राहिले. 'लँडस्केप्स' 1953 मध्ये ऑर्केस्ट्रा-संचालक स्टोकोव्स्कींनी सादर केलं. कोलंबिया विद्यापीठात वर्षानुवर्षं शिकवलं, 1978 मध्ये अमेरिका-चीन कला देवाणघेवाणीचं केंद्र काढलं आणि चीनमधून तान दुन, चेन यी, चौ लाँग या तरुण संगीतकारांना कोलंबियात आणलं. तान दुनना पुढे ऑस्कर मिळालं, चौ लाँगना 2011 चं पुलित्झर. स्वतः मात्र कमी लिहिलं. 2019 मध्ये गेले, 96 व्या वर्षी.

तुम्ही सोडावं की नाही? सोडण्याआधी एक रचना पूर्ण करा आणि ती अशा माणसाला ऐकवा ज्याला तुमच्या नियमांची पर्वा नाही. त्याने 'का' विचारलं आणि तुम्हाला राग आला, तर अजून थोडे दिवस क्यूब मोजा.

हे राहिलंच: त्यांच्या हातात स्कॉलरशिप होती आणि नंतर पगार प्राध्यापकीचा होता, निव्वळ संगीतरचनेवर घर चाललं नाही. ईएमआय असेल तर माझं ऐकू नका. आणि त्यांचं संगीत गुणगुणता येत नाही. आधी पियानोवरचं 'द विलोज आर न्यू' ऐका, ते छोटं आहे.

मार्टिनूंचा किस्सा मी मित्रालाही पाठवला होता. उत्तर आलं, "मग त्या चिन्याने निषाद काढला का?" गुरुजी आता नाहीत, नाहीतर त्यांना आणि मित्राला समोरासमोर बसवलं असतं.