बॉयफ्रेंड म्हणतो, "प्रेम असेल तर एकदा ओढ." नाही म्हटलं तर तो सोडून जाईल का?

तू साताऱ्यात बारावीला आहेस. रविवारी अजिंक्यताऱ्यावर त्याचे मित्र जमणार आहेत आणि तिथं तूही गांजा ओढावास असा त्याचा हट्ट आहे. तुझा प्रश्न वाचून मला हरिपूरचा रस्ता आठवला.

मी सांगलीची. मीही तेव्हा सतराची होते. विश्रामबागेतला क्लास बुडवून माझ्या तेव्हाच्या बॉयफ्रेंडच्या गाडीवरून हरिपूरच्या संगमावर जायचे. तिथं त्याचे चार मित्र असत. ते मला 'वहिनी' म्हणत. त्या वयात तो शब्द किती गोड वाटतो, काय सांगू! एक दिवस त्यातला एक म्हणाला, "वहिनी घेणार नाहीत का?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. तो कानात म्हणाला, "एकदाच, माझ्यासाठी." मी घेतला.

घसा कोरडा पडला, छाती इतकी धडधडायला लागली की मी मरणार असं वाटलं. मी चिंचेच्या झाडाखाली बसून होते आणि तो मित्रांत हसत होता. घरी आईला सांगितलं, जादा तास होता.

पुढच्या वेळी मी नाही म्हणाले. चार दिवस तो बोलला नाही. पाचव्या दिवशी मीच त्याची माफी मागितली. नाही म्हटल्याबद्दल माफी! गांजापेक्षा मला आज त्याच गोष्टीचा जास्त त्रास होतो. नंतर टेस्ट सिरीजच्या फीतले पाचशे रुपयेही त्याला दिले.

शेवटी मिरजेला आत्याकडं रडले. ती नर्स. ती रागावली नाही, फक्त विचारलं, "तुम्ही दोघंच असता तेव्हा तो असं म्हणतो का गं?" मी आठवून बघितलं. एकदाही नाही. त्याला माझं प्रेम तपासायचं नव्हतंच, मित्रांपुढं आपली पत दाखवायची होती.

एका झुरक्यानं कुणी व्यसनी होत नाही, हे खरं आहे. पण विशीच्या आधी मेंदू अजून घडत असतो, आणि आता मामला नुसत्या गांजाचा राहिलेला नाही. मार्च 2024 मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या इरळी गावात मुंबई पोलिसांनी एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या रासायनिक ड्रगचा, कारखाना पकडला, शंभर किलोंहून जास्त माल होता. पुडीत काय आहे ते देणाऱ्यालाही माहीत नसतं.

म्हणून रविवारची वाट बघू नकोस. त्याआधी, दिवसाउजेडी, दोघंच असताना सांग: "मी घेणार नाही, आणि त्या दिवशी येणारही नाही." गडावर, चौघांसमोर, त्याच्याच गाडीवर परत यायचं असताना नाही म्हणणं फार अवघड जातं. सोडून जाईल का? कदाचित जाईल. माझा गेला. पंधरा दिवस मी जेवले नाही, खोटं कशाला सांगू. पण आईपाशी खोटं बोलणं त्या दिवशी थांबलं.

तो स्वतः अडकला असेल आणि त्याला सुटायचं असेल, तर नशामुक्तीसाठी 14446 वर फोन करता येतो. पोलिसांच्या भीतीनं लोक गप्प बसतात, पण 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसासाठी खटल्यातून सवलतीची तरतूद आहे. ते त्यानं करायचं. तू त्याची डॉक्टर नाहीस.

तुला रात्री फार भरून आलं तर 14416 या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर बोल, मोफत आहे, मराठीतही बोलतात. आणि त्याच्याशी बोलणं झालं की मला कळव, मी वाट बघतेय.